सुडो मारण्याआधी: लिनक्सवरच्या रोजच्या अडचणी आणि त्या सोडवताना उघडी राहणारी दारं

अपडेटची आज्ञा दिली आणि टर्मिनलवर (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ओळ उमटली: कुलूप मिळालं नाही, ते २८१७ क्रमांकाच्या प्रोसेसकडे आहे. नेटवर शोधलं की एक उत्तर हमखास सापडतं. ती कुलपाची फाइल उडवा आणि पुन्हा आज्ञा द्या. बहुतेक वेळा कामही होऊन जातं. ज्या वेळी होत नाही, त्या वेळी पॅकेजची नोंदवही अर्धवट राहते आणि पुढचे सुरक्षा अपडेट येणं बंद होतं. पडद्यावर मात्र सगळं सुरळीत दिसत असतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. तेव्हापासून बरेच जुने लॅपटॉप मिंट किंवा उबुंटू या लिनक्सच्या वितरणांकडे वळले आहेत. नव्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘यावर अँटिव्हायरस कुठला टाकू?’ घरगुती लिनक्सला व्हायरसपेक्षा जास्त धोका असतो तो अडचण सुटावी म्हणून घाईत दिलेल्या आज्ञेचा. म्हणून इथे अडचणी आणि सुरक्षा असे दोन कप्पे केलेले नाहीत. सगळं उबुंटू २४.०४ आणि त्यावर बेतलेल्या मिंट २२ ला धरून आहे. डेबियनवरही बहुतेक लागू पडतं.

आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. ‘सुडो’ म्हणजे पुढची आज्ञा रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने चालवणं. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, हाताने टाइप करायच्या. कॉपी करून चिकटवण्यापेक्षा ते बरंच आहे, कारण टाइप करताना माणूस वाचतो.

बसवण्याआधी

२० फेब्रुवारी २०१६ ला मिंटच्या अधिकृत साइटमध्ये कुणीतरी शिरलं आणि १७.३ सिनॅमनची डाउनलोडची लिंक बदलून मागचं दार असलेल्या आयएसओकडे (बसवायच्या सिस्टिमच्या फाइलकडे) वळवली. त्या दिवशी ज्यांनी ती उतरवली त्यांची चूक एवढीच, की फाइल न तपासता पेनड्राइव्हवर टाकली.

तपासायला पाच मिनिटं लागतात. आयएसओबरोबर दोन छोट्या फाइल उतरवायच्या: एकीत शा-२५६ च्या बेरजा (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेल्या ओळखी) असतात, दुसरीत त्या यादीवरची जीपीजी, म्हणजे डिजिटल, सही. आयएसओच्या फोल्डरमध्ये ‘शा२५६सम’ आणि पुढे फाइलचं नाव दिलं की ६४ अक्षरांची ओळ येते. ती यादीतल्या ओळीशी जुळली म्हणजे फाइल वाटेत खराब झालेली नाही, एवढंच कळतं. साइटच ताब्यात गेली असेल तर चोर बेरीजही बदलून ठेवेल. म्हणून ‘जीपीजी --व्हेरिफाय’ देऊन सहीही तपासायची. ज्या किल्लीने सही केली तिचा ठसा साइटवर दिलेल्या ठशाशी जुळला पाहिजे, आणि तो ठसा दुसऱ्या एखाद्या ठिकाणीही पाहून घ्यावा. सही बरोबर असूनही ‘ही किल्ली विश्वासू म्हणून प्रमाणित नाही’ असा इशारा येतो. त्याला घाबरू नका. त्या किल्लीला तुम्ही स्वतः अजून मान्यता दिलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

बसवताना डिस्क एन्क्रिप्ट करायची (पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी) की नाही, हा निर्णय तिथल्या तिथे घ्यावा लागतो. नंतर करायचं म्हणजे जवळपास पुन्हा बसवणंच. लॅपटॉप असेल तर कराच. उबुंटूवर पासवर्ड विसरला तर काय करतात ते पाहा: सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून ग्रबचा (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आणायचा, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून रिकव्हरी मोड घ्यायचा, ‘रूट’ निवडायचं, ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’ देऊन डिस्क लिहिण्यायोग्य करायची आणि ‘पासडब्ल्यूडी’पुढे आपलं नाव देऊन नवा पासवर्ड ठेवायचा. दोन मिनिटांचं काम, आणि जुना पासवर्ड कुणी विचारत नाही. लॅपटॉप चोरणाऱ्यालाही हीच दोन मिनिटं पुरतात. डिस्क एन्क्रिप्ट असेल तर रिकव्हरी मोडच्या आधीच तिचा पासवर्ड विचारला जातो आणि चोराचं घोडं तिथेच अडतं. (पासवर्ड असा बदलल्यावर लॉगिन होतं, पण साठवलेल्या पासवर्डांची पेटी, म्हणजे कीरिंग, जुनाच पासवर्ड मागत राहते. तो आठवत नसेल तर ती पेटी पुसून नवी करावी लागते आणि आतलं सगळं जातं.)

पासवर्ड बरोबर, तरी ‘पुन्हा प्रयत्न करा’

उबुंटू २४.०४ वर सुडोचा पासवर्ड टाइप करताना काहीच दिसत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. मिंट तारे दाखवतं. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल, तर जिथे काहीच दिसत नाही तिथे तुम्ही इनस्क्रिप्टमध्ये पासवर्ड देत राहता आणि तीन वेळा नकार आला की वाटतं, कुणी पासवर्ड बदलला की काय. आधी वर पॅनेलवरचं भाषेचं चिन्ह पाहा. मग पासवर्ड टर्मिनलवर न देता टेक्स्ट एडिटरमध्ये एकदा टाइप करून पाहा, आणि न जतन करता बंद करा.

हीच गोष्ट लॉगिनच्या पडद्यावर झाली तर जास्त त्रास होतो. म्हणून कीबोर्डांच्या यादीत इंग्रजी नेहमी पहिलं आणि मराठी दुसरं ठेवायचं. डिस्कचा पासवर्ड मागणारा पडदा तर आणखी आधी येतो, आणि तिथे भाषा बदलायची सोय नसते. त्या पासवर्डात देवनागरी अक्षर किंवा रुपयाचं चिन्ह घालू नका.

ॲप्ट अडकलं

आता सुरुवातीचं ते कुलूप. ॲप्ट म्हणजे पॅकेजं आणून बसवणारं साधन. उबुंटूमध्ये सुरक्षा अपडेट आपोआप बसवणारी ‘अनअटेंडेड अपग्रेड्स’ ही सेवा आधीपासून चालू असते. मशीन सुरू केल्यावर थोड्या वेळात ती कामाला लागते, आणि नेमकं त्याच वेळी तुम्ही टर्मिनल उघडता. कुलूप तिच्याकडे असतं. फाइल पुसल्याने ते सुटत नाही, कारण कुलूप त्या नावाला नसून उघड्या फाइलला लागलेलं असतं. नाव पुसलं की तुमची आज्ञा नवी फाइल तयार करून तिला स्वतःचं कुलूप लावते, आणि एकाच नोंदवहीत दोघे जण एकाच वेळी लिहू लागतात.

ओळीतच प्रोसेसचं नाव कंसात दिलेलं असतं, ते वाचा. अनअटेंडेड असेल तर दहा-पंधरा मिनिटं थांबा. सॉफ्टवेअर सेंटर किंवा अपडेट मॅनेजर असेल तर ती खिडकी बंद करा. दुसऱ्या टर्मिनलमध्ये तुमचंच ॲप्ट उघडं असेल तर तिथे बहुधा एखादा प्रश्न उत्तराची वाट पाहत असतो: सेटिंगची फाइल नवी घेऊ की तुमची ठेवू? ‘डी’ दाबून फरक पाहा. ती फाइल तुम्ही बदललेली असेल तर ‘एन’ देऊन आपली ठेवा, कधी हात लावला नसेल तर ‘वाय’ देऊन नवी घ्या.

मध्येच वीज गेली असेल तर क्रम असा:

१. ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’: अर्धवट बसलेली पॅकेजं पूर्ण करते.
२. ‘सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’: तुटलेली अवलंबनं जोडते. काय काढणार आहे ती यादी वाचल्याशिवाय ‘वाय’ दाबू नका. यादीत डेस्कटॉपचंच पॅकेज दिसलं तर नकार द्या.
३. ‘सुडो ॲप्ट अपडेट’, मग ‘सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड’.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे ‘नो पबकी’. एखाद्या भांडाराची (पॅकेजं जिथून येतात त्या ठिकाणाची) सही तपासायला लागणारी किल्ली मशीनवर नाही, असा त्याचा अर्थ. इथे नेटवर मिळणारा उपाय फार वाईट आहे: भांडाराच्या ओळीत ‘ट्रस्टेड=येस’ लिहा. लिहिलं की चूक गायब होते, आणि त्या भांडारातून वाटेत कुणीही काहीही घुसवलं तरी ॲप्ट ते रूटच्या अधिकाराने बसवतं. जुना ‘ॲप्ट-की’ही वापरू नका. त्याने घातलेली किल्ली सगळ्याच भांडारांसाठी चालते, म्हणजे वॉलपेपर देणाऱ्याची किल्ली कर्नेलवर (सिस्टिमच्या गाभ्यावर) सही करायलाही मान्य. किल्ली सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्याच साइटवरून घ्या, इटीसीखालच्या ‘ॲप्ट/कीरिंग्ज’ फोल्डरमध्ये ठेवा आणि भांडाराच्या ओळीत ‘साइन्ड-बाय’ लिहून तिचा पत्ता द्या. मग ती किल्ली त्या एकाच भांडारापुरती चालते. ज्या पीपीएची (बाहेरच्या कुणी चालवलेल्या भांडाराची) आता गरजच नाही, तो ‘पीपीए-पर्ज’ने काढा. नुसती ओळ काढली तर त्यातून आलेली पॅकेजं तशीच राहतात आणि त्यांना अपडेट कुणीच देत नाही.

‘४०४’ (फाइल सापडली नाही) येत असेल तर ‘सुडो ॲप्ट अपडेट’ एकदा देऊन पाहा. तरीही सगळ्याच ओळींवर ४०४ असेल तर आवृत्तीचं आयुष्य संपलंय का ते बघा. उबुंटूच्या मधल्या आवृत्त्यांना फक्त ९ महिने आधार असतो, नंतर त्यांची भांडारं जुन्या सर्व्हरवर हलवतात. ‘एलटीएस’ला, म्हणजे दीर्घ आधाराच्या आवृत्तीला, ५ वर्षं मिळतात. उबुंटू प्रो ही वाढीव आधाराची सेवा घरगुती वापराला ५ मशीनपर्यंत फुकट आहे, आणि त्यात ‘युनिव्हर्स’ भांडारातल्या पॅकेजांचे सुरक्षा अपडेटही येतात. रोज काम करायच्या मशीनवर ९ महिन्यांची आवृत्ती टाकायची हौस आम्हाला पटत नाही.

आवृत्तीचा आकडा जुना दिसतो म्हणून बाहेरून नवं पॅकेज बसवणं हीही तशीच चूक. एलटीएसमध्ये आकडा तोच ठेवून दुरुस्ती मागे आणतात. ‘ॲप्ट चेंजलॉग’पुढे पॅकेजचं नाव दिलं की कोणती भोकं बुजवली ते दिसतं. नवं म्हणजे सुरक्षित, हा समज मार्च २०२४ मध्ये चांगलाच आपटला. एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार निघालं. एसएसएचचं (दुसऱ्या मशीनवर नेटवरून शिरायच्या साधनाचं) लॉगिन साधारण अर्धा सेकंद उशिरा का होतंय, हे शोधताना ते आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या हाती लागलं. डेबियन स्टेबल आणि उबुंटूच्या प्रसिद्ध झालेल्या आवृत्त्यांपर्यंत ते पोचलंच नव्हतं. सगळ्यात ताजं घेणाऱ्यांकडे मात्र ते आधीच येऊन बसलं होतं.

साडेपाच तासांचं कोडं

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर घड्याळ नेमकं साडेपाच तासांनी चुकतं. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजून दाखवतं. सकाळी दहाला लिनक्सने साडेचार लिहून ठेवले, की विंडोज उघडल्यावर साडेचारच दिसतात. उलट विंडोजने दहा लिहिले तर लिनक्स त्यात साडेपाच मिळवून दुपारचे साडेतीन दाखवतं, आणि नेट मिळेपर्यंत तसंच राहतं.

सोपा उपाय ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’. तो दिल्यावर मशीनच कुरकुर करतं, की स्थानिक वेळ ठेवणं बरं नाही. ती कुरकुर मुख्यतः वर्षातून दोनदा घड्याळ पुढे-मागे करणाऱ्या देशांसाठी आहे. आपल्याकडे तो प्रकार नाही, त्यामुळे इथे चालून जातं. परदेशात राहणाऱ्यांनी मात्र विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ ही नोंद १ करून विंडोजलाच जागतिक वेळ शिकवावी.

फरक साडेपाच तासांचा नसून काही वर्षांचा असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपला आहे. डेस्कटॉपमध्ये बहुधा ३ व्होल्टचा सीआर२०३२ असतो, घड्याळाच्या दुकानात मिळतो. या सेलचा सुरक्षेशी संबंध आहे. तारीख मागे गेली की ॲप्ट म्हणतं, ‘रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही’, आणि ब्राउझर प्रत्येक साइटचं प्रमाणपत्र नाकारतो. मग माणूस कंटाळून ‘धोका पत्करून पुढे जा’ दाबायला शिकतो आणि बँकेच्या साइटवरही तेच दाबतो. प्रमाणपत्राची तक्रार एकाच वेळी सगळ्या साइटवर आली तर आधी घड्याळ पाहा. एकाच साइटवर आली तर ती साइट उघडू नका.

डिस्क भरली, कर्नेल येईना

‘डीएफ -एच’ दिलं की कुठे किती जागा आहे ते दिसतं. जागा असूनही ‘जागा नाही’ म्हणत असेल तर ‘डीएफ -आय’ पाहा, लाखो बारीक फाइलींनी आयनोड (प्रत्येक फाइलला लागणाऱ्या नोंदी) संपलेले असतात.

एन्क्रिप्ट केलेल्या मशीनवर ‘/बूट’ वेगळा, छोटा भाग असतो. प्रत्येक कर्नेल त्याच्या इनिटरॅमएफएससह (सुरू होताना लागणाऱ्या जोडफाइलसह) शंभर एमबीच्या आसपास किंवा त्याहून जास्त जागा खातो. तो भाग भरला की नवा कर्नेल बसत नाही आणि आपोआप येणारे अपडेटही मुकाट्याने अडतात. फाइली हाताने पुसू नका. पुसल्या तर जागा होते, पण डीपीकेजीच्या नोंदवहीच्या हिशेबी तो कर्नेल बसलेलाच राहतो. ‘युनेम -आर’ने चालू कर्नेल कोणता ते पाहा आणि ‘सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज’ द्या. मिंटवर अपडेट मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेनूत कर्नेलची यादी आहे, तिथून जुने काढता येतात. चालू आणि त्याच्या आधीचा असे दोन ठेवायचेच. नव्या कर्नेलवर वाय-फाय किंवा आवाज गेला तर ग्रबमधून आधीचा निवडून काम चालू ठेवता येतं.

मुख्य डिस्कवर जागा खाणारे ओळखीचे गडी दोन. ‘जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम’ने जुन्या नोंदी जातात, आणि ‘फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --अनयूज्ड’ने मालक नसलेले रनटाइम, म्हणजे फ्लॅटपॅक ॲपना लागणारे पण आता कुणी वापरत नसलेले भाग.

लॉगिन फिरून फिरून तिथेच

पासवर्ड बरोबर, पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा लॉगिन. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून मजकुराचा पडदा घ्या आणि तिथे लॉगिन करा. आधी ‘डीएफ -एच’, कारण डिस्क शंभर टक्के भरली तरी हेच होतं. मग ‘एलएस -एल .एक्सऑथॉरिटी’ (फक्त ‘एक्स’ मोठा). मालकाच्या जागी ‘रूट’ दिसलं तर कधीतरी सुडो लावून खिडकीवाला प्रोग्राम उघडला होता. ‘सुडो चोन’पुढे आपलं नाव, विसर्गासारखी दोन टिंबं, पुन्हा नाव आणि मग फाइल, असं देऊन मालकी परत घ्या. कंट्रोल-ऑल्ट-एफ१ किंवा एफ७ ने परत या.

सिस्टिमची एखादी फाइल बदलायचीच असेल तर मिंटच्या फाइल मॅनेजरमध्ये उजवं बटण दाबून ‘ओपन ॲज रूट’ घ्या. लाल पट्टी दिसते, तेवढं काम करून खिडकी बंद करा.

आणि ‘सीएचमॉड ७७७’, म्हणजे फाइल सगळ्यांना वाचायला, लिहायला, चालवायला मोकळी करणं. परवानगी नाकारली की हा रामबाण सुचवणारे सापडतातच. घरच्या फोल्डरवर मारला तर एसएसएचची खाजगी किल्ली सगळ्यांना वाचता येते, आणि एसएसएच ती वापरायला साफ नकार देतं (किल्लीला ६००, फोल्डरला ७०० लागतं). ‘-आर’ लावून मूळ ‘/’ वर मारला तर सुडो या प्रोग्रामचा खास सेटयूआयडी बिट (त्याला रूटचा अधिकार देणारी खूण) उडतो आणि सुडोच चालेनासा होतो. चूक दुरुस्त करायला लागणारा अधिकारच त्या चुकीत गेला. मग लाइव्ह पेनड्राइव्हवरून टाइमशिफ्टचा (सिस्टिमची प्रत घेणाऱ्या साधनाचा) जुना स्नॅपशॉट परत आणणं, नाहीतर पुन्हा बसवणं. परवानगी का नाकारली हे ‘एलएस -एल’मध्ये दिसतं. बहुतेक वेळा मालक चुकलेला असतो, आणि त्याला चोन पुरतो.

निळा पडदा आणि सिक्युअर बूट

एनव्हिडिया, व्हर्च्युअलबॉक्स किंवा ब्रॉडकॉम वाय-फायचं ड्रायव्हर बसवताना सिक्युअर बूट (मान्य सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर एक नवा पासवर्ड ठेवायला सांगतात. पुन्हा सुरू केलं की निळा पडदा येतो आणि दहा सेकंदांत कळ दाबली नाही तर निघून जातो. बहुतेकांचं इथेच चुकतं. कळ दाबा, ‘एनरोल मॉक’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, मघाशी ठेवलेला पासवर्ड, रीबूट. संधी हुकली असेल तर ‘सुडो मॉकयूटिल --इम्पोर्ट’पुढे ‘/व्हार/लिब/शिम-साइन्ड/मॉक’मधल्या ‘मॉक.डीईआर’चा पत्ता देऊन (विस्ताराआधीचं नाव मोठ्या अक्षरांत) पुन्हा तोच खेळ.

वाय-फायच नाही तर ड्रायव्हर आणायचं कसं? ॲन्ड्रॉइड फोन यूएसबीने जोडा आणि फोनवर यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला ते तारेचं नेट वाटतं. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडा.

सिक्युअर बूट बंद करण्याआधी त्याच मशीनवरच्या विंडोजला बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) आहे का ते पाहा. असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी किल्ली आधी कागदावर उतरवून घ्या, नाहीतर विंडोज दार लावून बसेल. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर बऱ्याच दुहेरी मशीनवर लिनक्स उघडेना. ‘शिम एसबॅट तपासणी फसली’ असा संदेश यायचा. त्यावरचा उतारा: सिक्युअर बूट तात्पुरता बंद, लिनक्समध्ये ‘सुडो मॉकयूटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट’, एकदा रीबूट, आणि मग सिक्युअर बूट पुन्हा चालू. शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात.

विंडोजचा डी ड्राइव्ह फक्त वाचता येतो, लिहिता येत नाही? विंडोजचा ‘फास्ट स्टार्टअप’ त्याला बंद न करता अर्धवट झोपवतो. जबरदस्तीने माउंट केलं तर झोपलेल्या विंडोजच्या डोक्यात एक हिशेब आणि डिस्कवर दुसरा, अशी गत होऊन फाइली जातात. विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा, ‘चेकडिस्क’ चालवा, पूर्ण बंद करा.

कोण ऐकतंय

उबुंटू आणि मिंटवर फायरवॉल असते, पण बंद. ‘सुडो यूएफडब्ल्यू एनेबल’ एकदा दिलं की बाहेरून येणारं सगळं अडतं, तुम्ही बाहेर जाता ते चालू राहतं. घरच्या राउटरमागे फारसा फरक जाणवणार नाही. कॉलेज, हॉटेल, होस्टेलच्या वाय-फायवर पडतो. फोन जोडणारं केडीई कनेक्ट थांबलं तर १७१४ ते १७६४ हे पोर्ट (जोडणीची क्रमांकित दारं) फक्त घरच्या नेटवर्कसाठी उघडा. त्यासाठी फायरवॉलच बंद करून टाकू नका.

मग ‘सुडो एसएस -टीयूएलपीएन’. कोणती सेवा कोणत्या पोर्टवर ऐकतेय ते दिसतं. पत्त्याच्या जागी १२७ ने सुरू होणारा आकडा असेल तर ती सेवा फक्त मशीनच्या आतल्यांशी बोलते. चार शून्यं किंवा तारा असेल तर सगळ्यांशी. सप्टेंबर २०२४ मध्ये जे प्रकरण गाजलं ते इथलंच: प्रिंटर शोधणारी ‘कप्स-ब्राउज्ड’ ही सेवा ६३१ क्रमांकाच्या यूडीपी पोर्टवर सगळ्यांचं ऐकत होती आणि तिच्यामार्फत खोटा प्रिंटर घुसवता येत होता. दुरुस्ती आली. तरीही नेटवर्क प्रिंटर नसेल तर ‘सुडो सिस्टिमसीटीएल डिसेबल --नाउ कप्स-ब्राउज्ड’ देऊन ती झोपवलेली बरी. डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) वापरणाऱ्यांसाठी एक वेगळा खड्डा आहे. डॉकर उघडलेले पोर्ट यूएफडब्ल्यूला वळसा घालून जातात. यूएफडब्ल्यू ‘बंद’ म्हणत असतं आणि डेटाबेस जगाला उघडा असतो. पोर्ट देताना पुढे १२७.०.०.१ लिहा.

सॉफ्टवेअर कुठून

वितरणाचं स्वतःचं भांडार पहिलं. पुढच्या प्रत्येक पायरीला विश्वास कमी होत जातो. २०१८ च्या मेमध्ये उबुंटूच्या स्नॅप स्टोअरमधल्या ‘२०४८’च्या खेळात क्रिप्टो नाणी खणणारा प्रोग्राम सापडला. मार्च २०२४ मध्ये केडीई या डेस्कटॉपच्या एका थीमने वापरणाऱ्याच्या फाइलीच पुसल्या, तिच्यात कपट नव्हतं, नुसती गचाळ स्क्रिप्ट होती. जुलै २०२५ मध्ये आर्च या वितरणाच्या एयूआरमध्ये (वापरणाऱ्यांनीच भरलेल्या भांडारात) ब्राउझरच्या नावाशी मिळतीजुळती तीन पॅकेजं दूरनियंत्रणाचा प्रोग्राम घेऊन आली. एयूआर वापरत असाल तर पीकेजीबिल्ड (पॅकेज बनवायची कृती लिहिलेली फाइल) उघडून ‘सोर्स’ची ओळ वाचा. पत्ता मूळ प्रकल्पाचा नसून भलत्याच कुणाच्या खात्यातला असेल तर थांबा.

‘कर्ल … पाइप सुडो बॅश’ अशी, म्हणजे नेटवरची स्क्रिप्ट आणून न वाचताच चालवणारी, एका ओळीची स्थापना दिसली तर ती दोन तुकड्यांत करा: आधी फाइल उतरवा, उघडून वाचा, मग चालवा. वेबपानावर दिसणारा मजकूर आणि कॉपी होणारा मजकूर वेगळा असू शकतो, म्हणून आधी टेक्स्ट एडिटरमध्ये चिकटवून पाहा.

‘सुडो दिला नाही, म्हणजे सुरक्षित’ हेही खरं नाही. ब्राउझरच्या कुकीज, कागदपत्रं, एसएसएचच्या किल्ल्या हे सगळं घरच्या फोल्डरमध्ये असतं आणि त्याला रूट लागत नाही. क्लॅमएव्ही हे अँटिव्हायरस घालायचं तर घाला, विंडोजवाल्यांना पुढे पाठवायच्या फाइली तपासायला ते ठीक आहे. पार्श्वभूमीला ठेवलं तर एक जीबीच्या वर मेमरी खातं. चार जीबीच्या मशीनवर ती ब्राउझरलाच द्या.

प्रत

टाइमशिफ्ट सिस्टिमची प्रत घेतं, तुमच्या फोटोंची नाही. घरचं फोल्डर मुळात वगळलेलं असतं, आणि लोकांना ते डिस्क मेल्यावर कळतं. टाइमशिफ्ट वेगळ्या, ईएक्सटी४ केलेल्या भागावर ठेवा (विंडोजचं एनटीएफएस चालत नाही). रोजचे २ आणि आठवड्याचे २ स्नॅपशॉट पुरतात. घरच्या फोल्डरसाठी देजा-दुप हे प्रत घेणारं साधन, बाहेरच्या डिस्कवर, पासवर्ड लावून. पहिली प्रत घेतली की त्यातून एक फाइल दुसऱ्या जागी परत आणून उघडून पाहा. प्रत झाल्यावर डिस्क काढून कपाटात.

घुसलंय असं वाटलं तर

पंखा सतत फिरतोय, काही उघडं नसताना. ‘टॉप’मध्ये अनोळखी नाव वर दिसतंय. आधी नेट तोडा, मशीन लगेच बंद करू नका. मग हे पाहा: ‘क्रॉनटॅब -एल’, घरच्या ‘.कॉन्फिग/ऑटोस्टार्ट’मधल्या फाइली, ‘सिस्टिमसीटीएल --यूजर’मधल्या सेवा, ‘.एसएसएच’मधली ‘ऑथोराइज्ड_कीज’ (आपल्या नसलेल्या ओळी), आणि ‘.बॅशआरसी’चा शेवट. तिथे सुडो नावाचा एलियास (आज्ञेचं टोपणनाव) दिसला तर तुमचा पासवर्ड गेला असं समजा. खोटा सुडो पासवर्ड घेऊन ठेवतो आणि खऱ्याला बोलावतो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. ‘डेबसम्स -सी’ पॅकेजच्या मूळ फाइलींत काय बदललं ते सांगतं. पण रूटच गेला असेल तर त्याच्या उत्तरावरही भरवसा नको.

रूट गेल्याची शंका असेल तर साफसफाईत वेळ घालवू नका. लाइव्ह पेनड्राइव्हवरून फक्त कागदपत्रं आणि फोटो बाहेर काढा, टिंबाने सुरू होणारी सेटिंगची फोल्डरं नकोत. डिस्क पुसून नव्याने बसवा. पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून बदला, ईमेलचा सगळ्यात आधी, आणि प्रत्येक खात्यातून ‘सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा’ द्या, कारण चोरलेल्या कुकीला नुसत्या नव्या पासवर्डने काही होईलच असं नाही. खात्यातून पैसे गेले असतील तर हे सगळं नंतर. पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला आणि दुसरा बँकेला.